प्रोफेसरीणबाईंचे कार्ड

मित्रांनो, मला बहात्तर खण आहेत. प्रत्येक खणाला पितळेची मूठ आहे आणि मुठीच्या वर चिठ्ठी सरकवायला छोटी चौकट आहे. मी कार्डे ठेवायचे एक जुने ओक लाकडाचे कपाट आहे. कपाट हा शब्द नपुंसकलिंगी, हे मला ठाऊक आहे. पण आयुष्याची पस्तीस वर्षे मी पोटात फक्त बायकांची नावे सांभाळली, त्यामुळे 'मी होते', 'मी गेले' असेच माझ्या तोंडात बसले आहे. कुणाला खटकत असेल तर खटकू दे. माझ्याशी व्याकरणावरून वाद घालायला आता कुणी येतही नाही.

माझा जन्म १९२६ साली दक्षिण स्वीडनमधल्या एका जुन्या विद्यापीठाच्या गावी झाला. आर्विद नावाच्या सुताराने मला घडवले. हा माणूस भलताच चिकट होता. एकेक खण करताना त्यात कार्ड उभे करून बघायचा. "कार्ड खणात उभं राहिलं पाहिजे. आडवं झालं की मेलं," असे तो स्वतःशीच पुटपुटायचा. त्याने माझ्यात एकही खिळा ठोकला नाही, सगळे सांधे लाकडात लाकूड अडकवून केले. आज इतक्या वर्षांनी माझा एकही खण वाकडा झालेला नाही, याचे श्रेय त्याचे.

मला विद्यापीठाच्या कार्यालयात ठेवण्यात आले. तिथे कुमारी लव्हग्रेन नावाच्या कारकून बाई होत्या. दरवर्षी पदवीदान झाले की मोठी मेजवानी असे, आणि कोणाला कोणाशेजारी बसवायचे हे त्या ठरवत. त्यासाठी प्रत्येक पाहुण्याचे एक कार्ड. पुरुषाच्या कार्डावर त्याचे नाव, हुद्दा, मानसन्मान. त्याच्या पाठीमागे बायकोचे कार्ड, पण त्यावर तिचे नाव नसे. नवऱ्याच्या हुद्द्याला शेपूट लावले की बायकोचे नाव तयार. प्रोफेसराची बायको ती प्रोफेसरीण, डॉक्टरची ती डॉक्टरीण, स्टेशनमास्तरची ती स्टेशनमास्तरीण. समोर बसलेल्या बाईला 'तुम्ही' म्हणणेसुद्धा उद्धटपणाचे समजत. "प्रोफेसरीणबाई आणखी बटाटे घेतील का?" असे तिच्याच तोंडावर, जणू तिसऱ्याच कुणाबद्दल विचारत. आणि ती म्हणे, "घेतील."

माझ्या 'त' च्या खणात एक कार्ड होते. 'प्रोफेसरीणबाई तोर्नेल. डाव्या कानाने ऐकू येत नाही, उजव्या बाजूला बोलका माणूस बसवावा. ईल मासा चालत नाही.' पुढे प्रोफेसर तोर्नेल जर्मनीत हवापालटाला गेले, तिथेच वारले आणि तिथेच पुरले गेले. कुमारी लव्हग्रेननी कार्डाच्या कोपऱ्यात 'विधवा' एवढे लिहिले. तीन वर्षांनी, म्हणजे १९३१ साली, त्या कार्डावर निळ्या पेन्सिलीची रेघ आली. बाई गेल्या होत्या. त्यांचे स्वतःचे नाव काय, हे मलाही तेव्हा कळले नव्हते.

मेजवान्यांच्या दिवसांत माझी फार वाहवा होई. कुलगुरू माझ्या मुठीवरून हात फिरवत आणि "वा, सगळं कसं जागच्या जागी!" म्हणत. मग टाइप केलेल्या याद्या आल्या, आणि मला तळघरात नेऊन टाकले. विजेचे दिवे, गंजलेल्या कड्या, कुणाचा तरी एक बूट, असले काहीबाही माझ्या वरच्या खणांत कोंबले गेले. कार्डे तशीच आत राहिली. त्या अंधारात मी दहा-बारा वर्षे काढली.

बाहेर तोवर बरेच काही बदलले. लोक एकमेकांना हुद्द्याने हाक मारायचे सोडून सरळ 'तू' म्हणू लागले. शिपाई कुलगुरूला तू, विद्यार्थिनी शिक्षिकेला तू. त्यात उर्मटपणा नव्हता, उलट सगळ्यांना मोकळे वाटले. बायकोच्या मागचे शेपूटही त्याच लाटेत गेले.

१९७६ साली तळघराचे दार उघडून गुनवोर आत आली. गुनवोर सांदेलीन, इतिहास शिकवायची, अडतीस वर्षांची, आवाज मोठा आणि बूट त्याहून मोठे. तिला विद्यापीठात बायकांचा अभ्यास सुरू करायचा होता: बायकांचा इतिहास, त्यांचे काम, त्यांचे कायदे. विद्यापीठाने तिला तात्पुरती म्हणून ही तळघराची खोली दिली होती. ते तात्पुरते पस्तीस वर्षे चालले. तिने माझ्यावरची ताडपत्री ओढली आणि मैत्रिणींना म्हणाली, "बघा गं, हिलाही कुणी वाली नाही. आपल्यातलीच दिसतेय."

मग तिने खण उघडून कार्डे वाचायला सुरुवात केली. पहिल्यांदा तिघी खूप हसल्या. ईल मासा न चालणाऱ्या बाईवर तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. हळूहळू हसणे थांबले.

"अडीचशे बायका," गुनवोर म्हणाली. "आणि एकीचंही नाव नाही. माझ्या आजीलाही मरेपर्यंत स्टेशनमास्तरीण म्हणत होते. मला लहानपणी वाटायचं, आजी गाड्या सोडते."

तिने एकेक खण बाहेर ओढला आणि सगळी कार्डे कचऱ्याच्या पोत्यात उपडी केली. "शेपटं गेली एकदाची!" म्हणत तिने हात झटकले. मलाही तेव्हा हलके वाटले, खोटे कशाला सांगू. त्या पोत्यात तोर्नेलबाईही गेल्या.

गुनवोरने एक रीत घालून दिली. आमच्या गावच्या जुन्या कबरस्तानांत असे कितीतरी दगड आहेत, ज्यांवर 'शेतमालक निल्स पेरसोन आणि त्याची पत्नी' एवढेच कोरलेले असते. अभ्यासाला येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थिनीने असा एक दगड शोधायचा, मग चर्चच्या जन्म-मृत्यूच्या वह्या चाळून त्या बाईचे नाव काढायचे आणि तिची हकिगत कार्डावर लिहून माझ्यात उभी करायची. एक पुरावा असेल तर पेन्सिलीने लिहायचे, दोन असतील तरच शाईने. आणखी एक कडक नियम होता: हुद्द्याला शेपूट लावायचे नाही. बाई सुतारकाम करत असेल तर कार्डावर सुतार, शिकवत असेल तर शिक्षक. "शेपटी दिसली की कापा," गुनवोर म्हणायची. "विचारत बसू नका."

ती माझी सुखाची वर्षे, मित्रांनो. ओल्या लोकरीच्या कोटांचा वास, सतत उकळणारी कॉफी, वेलदोड्याचे पाव आणि भांडण. भांडण तर पाचवीला पुजलेले. अभ्यासक्रमाचे नाव 'स्त्री-अभ्यास' बदलून 'लिंगभाव-अभ्यास' करायचे ठरले तेव्हा आठवडाभर खोलीत कुणी कुणाशी धड बोलत नव्हते.

"आणि बायका कुठे गेल्या?" गुनवोर तरुण मुलींना विचारत होती. "नावातून काढल्यात ना? आता परत शोधायला आम्हीच का?"

"गुनवोर, तू आईसारखं बोलायला लागलीस," एकीने ठणकावले.

"कुणाच्या आईसारखं? नाव सांग तिचं!"

यावर सगळ्याच हसल्या आणि नाव बदलले गेले. कार्डे मात्र वाढत राहिली. दाढीवाले विद्यार्थीही येऊ लागले, आजीच्या बहिणीचे कार्ड करून नेमके माझ्यासमोर डोळे पुसू लागले. तीन हजार झाली, चार हजार झाली. गुनवोरने प्रोफेसरपदासाठी तीनदा अर्ज केला आणि तिन्ही वेळा ते दुसऱ्याला मिळाले. तिने तक्रार केली नाही, पण त्या तिन्ही दिवशी ती खोलीत आली, माझ्या मुठी कपड्याने घासून लख्ख केल्या आणि निघून गेली. २००३ साली ती निवृत्त झाली. तिला फुले दिली, भाषणे झाली, आणि तिची किल्ली परत मागून घेतली.

पुढे वाईट दिवस आले. विद्यार्थी कमी झाले. वरून फर्मान निघाले की लहान अभ्यासक्रम तपासायचे, आणि नको असतील ते बंद करायचे. २०११ च्या शरदात आमची पाळी होती. गुरुवारी विद्यापीठाच्या मंडळाची बैठक, त्यात आमचा निकाल लागणार होता. अभ्यासक्रम गेला की खोली जाणार, खोली गेली की मी आणि माझी कार्डे जाणार, हे सगळ्यांना माहीत होते. तेव्हा प्रमुख पेर्निला होती. चांगली बाई, पण सतत धावपळीत. कोट न काढताच ती बैठका उरकायची.

त्या वर्षी तूवा नावाची वीस वर्षांची मुलगी शिकायला आली होती. ती उत्तरेकडच्या खाणीच्या गावातली, घरातली विद्यापीठात आलेली पहिलीच. हळू बोलायची, कान लगेच लाल व्हायचे. तिने कबरस्तानाच्या कडेला, झुडपाआड, एक दगड शोधला. त्यावर नवऱ्याचे नावच नव्हते. नुसते 'प्रोफेसरीण ऑगस्टा तोर्नेल, १८६२–१९३१'.

मित्रांनो, आज प्रोफेसरीण म्हणजे प्रोफेसराची बायको, हे विशीतल्या मुलीला कुठून कळावे? तिने तो शब्द कुणाच्या तोंडून ऐकलाच नव्हता. जशी मोलाने काम करणारी ती मोलकरीण, तशी प्रोफेसर असलेली बाई ती प्रोफेसरीण, असे तिला वाटले. आणि शेपटी दिसली की कापायची, हा नियम तर भिंतीवरच लावलेला होता. तिने कापली. कार्डावर पेन्सिलीने लिहिले, 'प्रोफेसर ऑगस्टा तोर्नेल'. मग मागे सरून तिने ते पुन्हा वाचले, आणि तिचे कान लाल झाले. कारण विद्यापीठाची पहिली महिला प्रोफेसर म्हणून जिची तसबीर मोठ्या सभागृहात लावली आहे, तिची नेमणूक झाली त्याच्या तीस वर्षांहून आधीचे हे साल होते.

कार्ड माझ्या 'त' च्या खणात आले. मी ते आडनाव ओळखले. डावा कान, ईल मासा, सगळे आठवले. मी मनातल्या मनात ओरडले, "अगं, थांब! ती बायको होती! तिला कुणी काही शिकवू दिलं नाही!" पण लाकूड ओरडले तर फार तर करकरते. तूवाने वर पाहिले आणि खण जरा तेल मागतोय, असे म्हणाली.

मंगळवारी पेर्निलाने ते कार्ड पाहिले.

"हे खरं आहे?" ती म्हणाली.

"एकच पुरावा आहे," तूवा म्हणाली. "चर्चच्या वह्या बघायच्यात अजून. म्हणून पेन्सिल."

"वह्या कधी बघशील?"

"सोमवारी उघडतं ते कार्यालय."

"सोमवारी आपण असणार नाही गं. बैठक गुरुवारी आहे." पेर्निलाने कार्ड बॅगेत टाकले. "दगडावर कोरलंय ना? मग झालं. दगड काय खोटं बोलतो?"

तूवा काहीतरी म्हणणार होती, पण दार आपटलेले मी ऐकले.

बुधवारी गावच्या वर्तमानपत्रात बातमी आली. 'पहिली महिला प्रोफेसर विस्मृतीतून बाहेर. स्त्री-अभ्यासकांचा मोठा शोध.' सोबत दगडाचे मोठे छायाचित्र. खोलीत कधी नव्हे ती केकची पेटी आली, सगळ्या एकमेकींना मिठ्या मारत होत्या. पण छायाचित्रात तो शब्द शेपटीसकट स्पष्ट दिसत होता. ज्यांनी म्हणून साठी ओलांडली होती, त्यांनी न्याहारी करता करता तो वाचला.

गुरुवारी सकाळी फोल्के ब्रांदेल नावाच्या निवृत्त लॅटिन शिक्षकाचे पत्र छापून आले. एका विद्यार्थिनीने ते मोठ्याने वाचले. 'या विदुषी पस्तीस वर्षे सरकारी खर्चाने बायकांचा अभ्यास करीत आहेत. आमच्या घरची मोलकरीण जो शब्द जाणत होती, तो यांना ठाऊक नाही. माझी कैलासवासी आईही प्रोफेसरीण होती. तीही विद्यापीठात शिकवत होती की काय, हे त्यांनी शोधून काढावे, आम्ही कुटुंबीय आभारी राहू.'

पेर्निला त्या दिवशी पहिल्यांदा कोट काढून खाली बसली. तूवा माझ्याकडे तोंड करून उभी होती, तिचे कपाळ माझ्या लाकडाला टेकले होते. बैठक अर्ध्या तासात आटोपली. पत्राचा उल्लेख कुणी केला नाही म्हणे. 'गुणवत्तेबाबत प्रश्न' एवढेच टिपणात आले. वसंतापासून अभ्यासक्रम बंद.

तो पत्रामुळेच बंद झाला असे मी म्हणणार नाही. सुरी आधीपासून धार लावून ठेवली होती. पण तूवाला ते कोण पटवणार?

डिसेंबरात खोली रिकामी करायला सुरुवात झाली. एके दिवशी दुपारी गुनवोर आली. तेव्हा ती त्र्याहत्तर वर्षांची होती, हातात काठी होती. खोलीत तूवा एकटीच खोकी भरत होती. दोघी पूर्वी भेटल्या नव्हत्या.

"तूच का ती?" गुनवोरने विचारले.

"हो. मीच." तूवाने हातातले खोके खाली ठेवले. "मी सगळ्यांचं वाटोळं केलं."

"बस खाली. कॉफी आहे का? नाही? तीही नेली?" गुनवोर खोक्यावर टेकली. "प्रोफेसरीण म्हणजे काय, तुला खरंच माहीत नव्हतं?"

"खरंच नाही."

गुनवोरने काठी मांडीवर आडवी घेतली. मला वाटले, आता ही रागावणार. पण तिचे डोळे भरून आले. "आम्ही तो शब्द घालवण्यासाठी किती आटापिटा केला, माहितीये? सभा घेतल्या, पत्रं लिहिली. आजी आयुष्यभर कुणाचं तरी शेपूट होती. म्हटलं, माझ्या नातवंडांच्या वयाच्या मुलींच्या कानावरही तो पडू नये. आणि बघ, नाही पडला." ती हसायला गेली, पण तिला ते जमले नाही. "या कपाटात तिचं जुनं कार्ड होतं. मीच फेकलं. माझ्या या हातांनी. ईल मासा खात नसे ती. असतं ते कार्ड, तर तुला पाच मिनिटांत कळलं असतं."

"तू फेकलंस?"

"हो. खूप आनंदाने फेकलं."

तूवाने मग पिशवीतून कागद काढले. ती त्या सोमवारी चर्चच्या कार्यालयात गेली होती, निकाल लागून गेल्यावरही गेली होती. ऑगस्टा, माहेरची क्विस्त, दोरखंड वळणाऱ्याची मुलगी. पाच मुले, त्यातली तीन एका हिवाळ्यात घटसर्पाने गेली. विधवा झाल्यावर विद्यार्थ्यांना जेवण घालून राहिली.

"म्हणजे कुणीच नाही," तूवा म्हणाली. "कुणी मोठी नव्हती ती."

गुनवोरने काठी जमिनीवर आपटली. "मग आपण चार हजार काय मोठ्यांच्या लिहिल्या? शाई काढ!"

तूवाने लिहिले. ते माझ्यातले शेवटचे कार्ड, चार हजार तीनशे सतरावे. हुद्द्याच्या जागी काय लिहायचे यावर दोघी थबकल्या. शेवटी गुनवोर म्हणाली, "खाणावळ चालवायची ना? मग तेच लिही." कार्ड खणात उभे राहिले.

ते दोन आठवडे उभे होते. दप्तरखान्याने कळवले की ही कार्डे विद्यार्थ्यांचे काम आहे, अधिकृत कागद नव्हेत, सबब ठेवता येणार नाहीत. गुनवोर घर सोडून वृद्धाश्रमातल्या एका खोलीत राहायला गेली होती. तूवाच्या वसतिगृहात पलंगाखाली जागा होती, तिथे तिने तीन खोकी नेली, मग पुढच्या उन्हाळ्यात ती खोकीही कुठे गेली देव जाणे. बाकी कार्डे दोन माणसांनी माझे खण उपडे करून रद्दीच्या गाडीत ओतली. ती पडताना आडवी पडली. मला आर्विदचे बोलणे आठवले आणि पहिल्यांदाच वाटले, त्याने मला इतके मजबूत करायला नको होते.

आता मी स्टेशनजवळच्या एका उपाहारगृहात आहे. मालक फिक्रेत, बोस्नियातून आलेला, मनाने चांगला. माझ्या खणांत तो चहाच्या पुड्या ठेवतो. लोक माझे फोटो काढतात, मुठी ओढून बघतात आणि "किती गोड!" म्हणतात.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये तूवा आली. आता ती तिशीची झाली आहे. तिने मला लगेच ओळखले. एक खण ओढला, आतला पुदिना हुंगला आणि हळूच बंद केला.

"यात काय होतं, माहितीये?" तिने फिक्रेतला विचारले, आणि सगळे सांगितले. तो हात पुसत ऐकत राहिला.

"आणि ती बाई? जिने सुरू केलं?"

"मार्चमध्ये गेली. स्मृतिवनात आहे."

स्मृतिवन म्हणजे इथल्या कबरस्तानातला गवताचा एक तुकडा, मित्रांनो. राख गवताखाली पुरतात, दगड लावत नाहीत, नाव लिहीत नाहीत, नेमकी जागाही कुणाला सांगत नाहीत.

"तिला कुणी नव्हतं का?" फिक्रेतने विचारले.

"तिनेच तसं लिहून ठेवलं होतं. पंचवीस वर्षांनी थडग्याची मुदत संपते, पुढे बघणारं कुणी नसलं की दगड काढून टाकतात. म्हणाली, कुणाला त्रास कशाला. मी किती भांडले तिच्याशी. तर मला म्हणते, तूवा, मला आता थकवा आलाय गं." तूवाने डोळे पुसले. "चहा दे. कसलाही."

ती चहा पिऊन गेली. मी तिथेच आहे.

मित्रांनो, मी लाकूड आहे. माझ्यात जे ठेवाल ते मी सांभाळते, आणि जे काढून न्याल ते मला परत आणता येत नाही. तुमच्या ओळखीत एखादी बाई असेल, जिला सगळे कुणाची तरी कोण म्हणूनच हाक मारत असतील. ती आहे तोवर तिला तिचे नाव विचारा, आणि ती काय करायची तेही विचारा. जुने काही फेकावेसे वाटले, त्याचा कितीही राग आला, तरी फेकण्याआधी एकदा वाचा. अभ्यासाच्या खोल्या बंद करायला अर्धा तास पुरतो, हेही ध्यानात असू द्या.

आणि एक छोटे काम तुमच्याकडे आहे. तिचे नाव गुनवोर सांदेलीन. जन्म १९३८. काम: शिक्षक. ईल मासा तिला आवडायचा. माझ्या खणांत आता चहा आहे, म्हणून हे तुमच्यापाशी ठेवते.